मराठीचा आधार घेऊन स्पॅनिश कसं शिकावं

बाजारात मिळणारी स्पॅनिशची बहुतेक पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात. त्यामुळे त्यांना जे जड जातं ते आपल्यालाही जड म्हणून शिकवलं जातं, आणि आपण जिथे खरोखर अडखळतो तिथे पुस्तक गप्प बसतं. म्हणून वहीत स्पॅनिश वाक्याखाली इंग्रजी नको, मराठी अर्थ लिहा. अर्धं व्याकरण तिथेच सुटतं.

सुरुवात उच्चारापासून करा. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. त, प आणि क अगदी आपल्यासारखे. इंग्रजीमुळे जिभेवर बसलेला ‘ट’ मात्र सोडावा लागतो. इंग्रजी ‘व्ही’चं अक्षर दिसलं तरी उच्चार ‘ब’च्या जवळचा, आणि ‘एच’ मुकं. आपण फसतो ते आघातात. शब्द स्वराने, ‘न’ने किंवा ‘स’ने संपत असेल तर शेवटून दुसऱ्या अवयवावर (एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) जोर, एरवी शेवटच्यावर, याला अपवाद असला की त्या स्वरावर तिरकी रेघ. ‘आब्लो’मध्ये जोर ‘आ’वर दिला तर ‘मी बोलतो’, ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. देवनागरीत हा फरक दिसत नाही, तेव्हा देवनागरीत उच्चार लिहून ठेवायची सवय पहिल्या आठवड्यानंतर मोडाच.

आता व्याकरण. ‘मे गुस्ता एल काफे’ हे वाक्य इंग्रजी पुस्तकं पानंच्या पानं समजावतात. आपल्यासाठी ते ‘मला कॉफी आवडते’ इतकंच. संत्री आवडत असतील तर क्रियापद ‘गुस्तान’ होतं, जसं आपलं ‘आवडतात’. ‘बुस्को ला याबे’ म्हणजे चावी शोधतो. पण ‘बुस्को आ मारिया’, मारियाला शोधतो. माणूस आला की आपला ‘ला’ लागतो, तसा तिथे ‘आ’ लागतो. भूतकाळाचे दोन प्रकारही ओळखीचे निघतात: ‘फुई’ म्हणजे गेलो, ‘इबा’ म्हणजे जायचो. इतकंच काय, ज्या संशयार्थी (इंग्रजीत ‘सब्जंक्टिव्ह’) रूपांना सगळे घाबरतात, त्यांतली निम्मी आपल्या ‘यावंस’, ‘करावं’मध्ये बसतात. ‘किएरो के बेंगास’: तू यावंस असं मला वाटतं.

हा आधार तीन ठिकाणी दगा देतो. एक, ‘त्याने पोळी खाल्ली’मध्ये आपलं क्रियापद पोळीमागे जातं, स्पॅनिशमध्ये ते खाणाऱ्यामागेच राहतं. दोन, नपुंसकलिंगी नामं नाहीत, म्हणून प्रत्येक नाम पुल्लिंगी ‘एल’ किंवा स्त्रीलिंगी ‘ला’सकट पाठ करा. तीन, आपल्या एका ‘आहे’साठी तिथे ‘सेर’ आणि ‘एस्तार’. कायमचं असेल तर पहिलं, तात्पुरतं असेल तर दुसरं, हा नियम सगळीकडे छापलेला सापडतो. तो विसरा. मेलेल्या माणसालाही ‘एस्तार’च लागतं, आणि मृत्यूइतकं कायमचं काय असतं? कोण, काय, कसल्या स्वभावाचं हे ‘सेर’ सांगतं; कुठे आणि कोणत्या अवस्थेत हे ‘एस्तार’. ‘एस आबुर्रिदो’ म्हणजे कंटाळवाणा, ‘एस्ता आबुर्रिदो’ म्हणजे कंटाळलेला.

प्रमाणपत्र हवं असेल तर स्पेन सरकारच्या सेर्वांतेस संस्थेची डेले परीक्षा आहे, ए१ (अगदी सुरुवातीची) ते सी२ (सर्वांत वरची) अशा सहा पातळ्यांची. तिच्या प्रमाणपत्राला मुदत नसते. संस्थेचं भारतातलं केंद्र नवी दिल्लीत आहे. बी१च्या, म्हणजे तिसऱ्या पातळीच्या, आसपास पोचलात की द्विभाषिक कोश बाजूला ठेवून १७१३ साली स्थापन झालेल्या स्पॅनिश शाही अकादमीचा कोश वापरू लागा. तो इंटरनेटवर मोफत आहे.

साहित्याची घाई नको, पण फार उशीरही नको. आधी उरुग्वेच्या ओरासियो किरोगाच्या, मुलांसाठी लिहिलेल्या जंगलकथा (१९१८) घ्या. मग स्पेनच्या फेदेरिको गार्सिया लोर्काची नाटकं. संवाद मोठ्याने वाचले की ते शिकवणीचं काम करतात. कवितेत मराठी माणसाला एक सोय आहे: अभंग-ओवीसारखीच स्पॅनिश ओळही अक्षरं मोजते, लघुगुरू नाही. लोकगीतांची ओळ बहुधा आठ अक्षरांची. मोजताना दोन गोष्टी सांभाळा. एका शब्दाच्या शेवटचा आणि पुढच्याच्या सुरुवातीचा स्वर मिळून सहसा एकच अक्षर धरतात. आणि ओळीतल्या अखेरच्या शब्दाचा जोर शेवटच्या अवयवावर असेल तर एक वाढवतात, शेवटून तिसऱ्यावर असेल तर एक वजा करतात.

सेर्वांतेसची ‘दोन किहोते’ (इंग्रजीतली ‘डॉन क्विक्झोट’) ही कादंबरी बी२नंतर, आणि टिपांसहितच. तशी आवृत्ती सेर्वांतेस संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. पहिला भाग १६०५चा, दुसरा १६१५चा. पवनचक्क्यांशी किहोतेची ती प्रसिद्ध लढाई पहिल्याच भागात येऊन जाते, म्हणून बरेच जण तिथे थांबतात. पण दुसऱ्या भागात किहोतेला भेटणाऱ्या कितीतरी लोकांनी पहिला भाग आधीच वाचलेला असतो, आणि खरी गंमत तिथून सुरू होते.