निर्वाह उत्पादन आणि विकासाचे सिद्धान्त: या चुका टाळा

अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईसच्या 1954 च्या विकासाच्या प्रतिमानावर (मॉडेलवर) लिहायला सांगितले की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: शेतीत माणसे जास्त, कारखान्यात कमी, इकडची तिकडे नेली की विकास. या मांडणीत निर्वाह क्षेत्र, म्हणजे पोटापुरते पिकवणारा-कमावणारा भाग, नुसते मजुरांचे कोठार होते. गेलेल्या माणसांना धान्य कोण पुरवणार, हे विचारायचे राहून जाते. उरलेल्या बऱ्याच चुका त्यातूनच निघतात.

त्यामुळे सुरुवात 1954 पासून करू नका. अभिजात अर्थशास्त्रात, म्हणजे अ‍ॅडम स्मिथ, डेव्हिड रिकार्डो यांच्या परंपरेत, निर्वाह हा आधी खर्च आहे. तो भागवून जे उरते तो वाढावा, आणि वाढाव्यातून भांडवलसंचय. रिकार्डोच्या 1817 च्या मांडणीत लोकसंख्या वाढते, लागवड हलक्या जमिनीवर सरकते, धान्य महागते. मजुरांना तेवढेच धान्य द्यायचे तरी पैशातली मजुरी वाढवावी लागते. नफा आक्रसतो, खंड (जमीनमालकाला द्यायचे जमिनीचे भाडे) फुगतो आणि शेवटी संचय थांबतो. लुईस हीच निर्वाहाशी बांधलेली मजुरी घेतो, पण ती स्थिर राहते तोवर नफा वाढतच जातो, असे दाखवतो. गृहीतक जवळपास तेच, निष्कर्ष उलटा. हा फरक उत्तरात आलाच पाहिजे.

निर्वाहमजुरी म्हणजे जेमतेम जिवंत राहण्यापुरते अन्न, असेही सर्रास लिहिले जाते. पण स्मिथने 1776 मध्येच इंग्लंडमधल्या मजुराच्या गरजांत तागाचा सदरा आणि चामड्याचे बूट धरले होते. रिकार्डोही ही पातळी चालीरीती-सवयींवर सोपवतो. तेव्हा ती उष्मांकात मोजायला जाऊ नका.

'निर्वाह क्षेत्र म्हणजे शेती' हे समीकरणही खोडा. लुईसची कसोटी वेगळी आहे: पुनरुत्पादनक्षम भांडवल, म्हणजे यंत्रे-इमारतींसारखे पुन्हा तयार करता येणारे भांडवल, वापरले जाते का? हमाल, फेरीवाले, घरगडी निर्वाह क्षेत्रात येतात. मजूर लावून नफ्यासाठी चालवलेला मळा भांडवलशाही क्षेत्रात जातो.

आता सर्वांत घोटाळ्याचा मुद्दा: सीमान्त उत्पादकता, म्हणजे एक मजूर वाढला किंवा घटला की उत्पादनात पडणारा फरक. ती शून्यच हवी असे लुईसचे म्हणणे नाही. चालू मजुरीला मागणीपेक्षा जास्त मजूर मिळत राहिले की पुरे. मजुरीची पातळी निर्वाह क्षेत्रातल्या सरासरी उत्पादनावरून ठरते, सीमान्त उत्पादनावरून नाही. भांडवलशाही क्षेत्रातली मजुरी त्याहून साधारण 30 टक्के किंवा जास्त वर धरायची. आकडे मांडून पाहा. दहा जणांचे कुटुंब 1000 किलो धान्य पिकवते, म्हणजे माणशी 100 किलो. दोघे गेले आणि उत्पादन घटले नाही, तर उरलेल्या आठांनी 800 किलोच खाल्ले पाहिजे. तरच 200 किलो बाजारात येते आणि दोघांचे भागते. आठांनी 'आता माणसे कमी' म्हणून 125-125 किलो खाल्ले, तर बाजारात दाणाही येणार नाही. वाढावा आपोआप सुटत नाही. खंड, कर किंवा विक्री यांपैकी कशाने तरी तो बाहेर काढावा लागतो.

आता दोघांची सीमान्त उत्पादकता प्रत्येकी 40 किलो धरा. उत्पादन 920 किलोवर येते, आठांचे 800 वजा जाता 120 उरतात, म्हणजे गेलेल्या प्रत्येकाला 60. धान्य महागते, व्यापारशर्ती (धान्याच्या बदल्यात किती कारखानी माल द्यावा लागतो ते प्रमाण) उद्योगाच्या विरुद्ध जातात आणि मजुरांचा तुटवडा पडण्याआधीच मजुरी वाढायला लागते. रानिस आणि फेई या अर्थशास्त्रज्ञांनी 1961 मध्ये नेमका हाच टप्पा वेगळा काढला. लुईसच्या आकृतीत स्थिर मजुरी दाखवणारी आडवी रेषा लांबवत नेणारे इथेच फसतात: शेतीची उत्पादकता सोबत वाढली नाही तर ती रेषा लवकर वर वळते.

'शून्य' लिहिण्याआधी आणखी एक तपासा. अमर्त्य सेन यांनी 1966 मध्ये मजूर आणि श्रमतास वेगळे केले. एक माणूस गेल्यावर बाकीच्यांनी जास्त तास राबून उत्पादन टिकवले, तर त्या माणसाची सीमान्त उत्पादकता शून्य, पण तासाची नाही. ते जास्त राबतील का, हे वेगळे सिद्ध करावे लागते. शेतात माणसे रिकामी बसलेली दिसली म्हणजे श्रमाधिक्य (गरजेपेक्षा जास्त मजूर) सिद्ध झाले, असे होत नाही. ती पेरणी-कापणीमधल्या सुगीबाहेरच्या दिवसांतलीही असू शकतात.

शेवटची चूक मोजणीची. फक्त विकलेला माल धरला तर निर्वाह क्षेत्र असते त्याहून गरीब दिसते. 1993 च्या राष्ट्रीय लेखा पद्धतीत (देशाचे उत्पादन-उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत) घरच्यासाठी पिकवलेले धान्य, वाहून आणलेले पाणी आणि गोळा केलेले सरपण उत्पादनात येते. स्वतःच्या घरचा स्वयंपाक आणि मुलांचा सांभाळ येत नाही. म्हणून घरी रांधणारी व्यक्ती पगारावर स्वयंपाकाला लागली की उत्पन्नाचा आकडा वाढतो, जेवण मात्र तेवढेच राहते. माणसे एका क्षेत्रातून दुसऱ्यात गेल्याचे दाखवणारी आकडेवारी वापरताना वाढीचा किती भाग असा आहे, ते आधी बाजूला काढा.