शीर चढलेली नसते: पाय मुरगळल्यावरच्या चुका

पायरी चुकते, पाऊल आत वळतं आणि अर्ध्या तासात घोट्यावर लिंबाएवढी सूज येते. मग घरातलं कुणीतरी ठामपणे सांगतं, "शिरेवर शीर चढलीय, चोळून उतरवू." उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खाणारे आपण, लगेच पाय पुढे करतो.

घोळ शब्दातच आहे. आपण रक्तवाहिनीलाही शीर म्हणतो, मज्जातंतूलाही आणि स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीलाही. पाय मुरगळतो तेव्हा दुखावतो तो बहुधा अस्थिबंध, म्हणजे डॉक्टर ज्याला लिगामेंट म्हणतात तो. हाडाला हाडाशी बांधणारी ही चिवट पट्टी.

स्वतःचा घोटा चाचपून पाहा. बाहेरचं हाड आतल्यापेक्षा खाली उतरलेलं लागेल. म्हणून पाऊल बाहेर वळताना अडतं, आत मात्र सहज वळतं, आणि ताण बाहेरच्या तीन पट्ट्यांवर येतो. त्यातली पुढची बहुतेक वेळा आधी फाटते. फाटलेली पट्टी चोळून 'बसत' नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत चोळलं किंवा गरम शेकलं तर सूज उलट वाढते. आंबेहळदीचा लेप लावायचाच असेल तर गार करून, न रगडता लावा. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं, थेट कातडीवर नको. क्रेप बँडेजखाली बोटं निळी किंवा बधिर झाली तर ते लगेच सैल करा.

"बोटं हलतायत ना, मग हाड शाबूत आहे" हा समज सगळ्यात महागात पडतो. बोटं हलवणारे मोठे स्नायू पोटरीत असतात, त्यामुळे घोट्याचं हाड मोडलं तरी बोटं हलू शकतात. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले ओटावा नियम जास्त भरवशाचे. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या टोकाला, अथवा टोकापासून वर ६ सेंमीपर्यंत त्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखतं का? लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का? दुखत असेल किंवा चालवत नसेल, तर एक्स-रे काढा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मधोमध जो उंचवटा लागतो, तो किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दाबल्यावर दुखत असलं तरीही. लहान मुलांत हाडाच्या टोकाची वाढीची जागा नाजूक असते, तिथे घरगुती अंदाज नकोच. घोटा वाकडा दिसला किंवा पाऊल गार पडलं तर थेट दवाखाना.

तिसऱ्या दिवशी घोट्यावरचा निळा डाग बोटांपर्यंत उतरला म्हणून घाबरू नका. वरचं साकळलेलं रक्त उताराला लागलेलं असतं.

हाड शाबूत असेल तर महिनाभर पलंगावर पडून राहणं ही शेवटची चूक. सोसेल तसा घोटा हलवा, पाय टेका. सूज गेली की लगेच कबड्डीच्या मैदानात उतरायचीही घाई नको. अस्थिबंधातले मज्जातंतू पाऊल कुठे, कसं पडलंय हे मेंदूला कळवतात. ते दुखावले की तोच पाय पुन्हापुन्हा मुरगळतो. उपाय फुकटचा आहे: टेकता येऊ लागलं की रोज दात घासताना, भिंतीला एक हात लावून, त्याच एका पायावर उभं राहा.