खंडेनवमीनंतर पंप चालू करताना: बेअरिंगची तपासणी आणि बदल

मुंबईतून नैऋत्य मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघारी फिरतो. त्यानंतर थोड्याच दिवसांत गोराई, मनोरी आणि आरे परिसरातील भाजीवाड्यांना व रोपवाटिकांना विहिरीचे पाणी द्यावे लागते. जूनपासून बंद असलेला सेंट्रिफ्यूगल पंप त्या दिवशी थेट स्टार्टरचे बटण दाबून चालू करू नये. खंडेनवमीला पंपाला हळदकुंकू वाहताना कपलिंग (मोटर व पंप यांच्या फिरत्या दांड्यांचा, म्हणजे शाफ्टचा जोड) हाताने दोन-चार फेरे फिरवून पाहिले, तर पुढचा बराचसा खर्च टळतो. मात्र हार घालणारे पुष्कळ आणि शाफ्ट फिरवून पाहणारे थोडे, असाच आमचा अनुभव आहे.

किनाऱ्यालगत बेअरिंग केवळ चालून झिजत नाही, तर बंद पंपातही ते खराब होते. खारी, दमट हवा हाउसिंगमध्ये, म्हणजे बेअरिंगभोवतीच्या कवचात शिरते, तापमान उतरले की आतल्या आत पाणी धरते, आणि बॉल महिनोन्‌महिने एकाच जागी टेकून राहिल्यामुळे तिथले ग्रीस बाजूला सरून धातू उघडा पडतो. असे बेअरिंग उघडले, तर कड्याच्या धावेवर, म्हणजे बॉल फिरतात त्या खोबणीत, बॉलच्या अंतराइतक्याच अंतरावर तांबूस डाग ओळीने दिसतात. हात लावला तर ते जेमतेम जाणवतात, परंतु पंप चालू झाला की प्रत्येक बॉल त्या खड्ड्यांवरून उडत जातो आणि डागाची जागा पोपडे धरू लागते.

तपासणीपूर्वी वीज बंद करून फ्यूज काढावेत आणि ते काम संपेपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवावेत. त्यानंतर शाफ्ट सावकाश फिरवावा. वाळू अडकल्यासारखी खरखर लागली किंवा शाफ्ट वर-खाली उचलून पाहता खेळ जाणवला, तर बेअरिंग बदलण्याजोगे झाले आहे असे समजावे. चालू पंपाच्या हाउसिंगवर हात काही सेकंदही ठेववत नसेल, तर तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्यापुढे गेलेले असते. एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही, पण गेल्या हंगामात तिथे हात ठेवता येत होता का, हे आठवून पाहावे. तापमान ८० अंशांच्या पुढे गेले, तर पंप बंदच करावा.

काढलेले बेअरिंग लगेच भंगारात टाकू नये. या सल्ल्यातील सर्वांत महत्त्वाची सूचना हीच आहे, कारण ज्या कारणाने जुने बेअरिंग गेले, ते कारण जागेवर असेल, तर नवे बेअरिंगही त्याच वाटेने जाते. ग्रीस दुधासारखे पांढरट झाले असेल, तर ग्लँडमधून (शाफ्ट पंपातून बाहेर येतो तिथे दोरी भरून पाणी अडवणाऱ्या भागातून) पाणी आत आले आहे: दोरी जुनी झाली आहे, किंवा ग्लँड आणि बेअरिंग यांच्यामध्ये शाफ्टवर बसणारे, पाणी बाहेर फेकणारे रबरी कडे गळून पडले आहे. कडी निळसर-काळी पडली असतील, तर ग्रीस कमी पडून बेअरिंग तापले आहे. बाहेरच्या कड्यावरची बॉलची धाव तिरकी उमटली असेल, तर बेअरिंग वाकडे बसले आहे किंवा कपलिंग सरळ रेषेत नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या पंपाबाबत एक हिशेब लक्षात ठेवावा: बॉल बेअरिंगवरचा भार दुप्पट झाला, तर त्याचे आयुष्य साधारण एक अष्टमांशावर येते. पट्टा घसरतो म्हणून तो ताणत राहणे हा उपाय महागात पडतो. त्याऐवजी झिजलेली पुली किंवा पट्टा बदलावा.

नवे बेअरिंग घेताना जुन्यावरचा पूर्ण क्रमांक उतरवून घ्यावा. ६३०६ या क्रमांकातील शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणले की आतला व्यास ३० मिलिमीटर मिळतो. पण त्यापुढे कोरलेले सी-३ हे अक्षर-अंक आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त असल्याचे सांगतात, म्हणून तेही सोडू नयेत. नागदेवी स्ट्रीटला बेअरिंगची दुकाने ओळीने आहेत; तिथे भाव विचारण्याआधी पक्के बिल मागावे, कारण नकली माल हुबेहूब खोक्यात येतो. दोन्ही बाजूंची बेअरिंगे एकदमच बदलावीत.

जुने बेअरिंग पुलरने, म्हणजे ते ओढून काढण्याच्या हत्याराने काढावे. नवे बसवताना दाब केवळ आतल्या कड्यावर यावा, यासाठी त्या कड्याच्या मापाचा पाइपचा तुकडा वापरावा. बाहेरच्या कड्यावर हातोडी मारली, तर तो घाव बॉलमधून धावेवर उतरतो आणि बेअरिंग चालण्यापूर्वीच जायबंदी होते. तेलात गरम करून बसवायचे असल्यास ११० अंशांपुढे जाऊ नये, आणि गॅसची ज्योत तर कधीच लावू नये. शाफ्टची बैठक सैल झाली असेल, तर तिच्यावर टोकदार पंचाने टिंबे ठोकून ती फुगवण्याची पद्धत सर्रास दिसते. त्या टिंबांवर बेअरिंग फार दिवस टिकत नाही, म्हणून शाफ्टवर धातू चढवून लेथवर मापात घ्यावा किंवा शाफ्टच बदलावा. कपलिंगच्या पंपात सहसा एक बेअरिंग जागेवर घट्ट अडवलेले आणि दुसरे किंचित सरकू शकणारे असते. फिटरने दोन्ही आवळली, तर गरम होऊन वाढलेल्या शाफ्टला जागा उरत नाही. मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असलेल्या मोनोब्लॉक पंपात बेअरिंगे मोटरमध्येच असतात, त्यामुळे ते काम वाइंडिंगच्या जाणकाराकडे द्यावे.

हाउसिंगमधील मोकळ्या जागेच्या एक तृतीयांश ते निम्मी जागाच ग्रीसने भरावी. ठासून भरलेले ग्रीस घुसळून तापते. जुन्या ग्रीसवर वेगळ्या प्रकारचे ग्रीस घालू नये.

पंप चालू करताना आधी तो पाण्याने भरून घ्यावा, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरुवात करावी आणि लगेच सावकाश उघडावा. वायरी सोडल्या असतील, तर फिरण्याची दिशा बाणाप्रमाणे आहे का, हे कपलिंग जोडण्यापूर्वीच पाहावे. पहिल्या तासा-दोन तासांत हाउसिंग थोडे तापून पुन्हा निवते. ते निवत नसेल, तर ग्रीस जास्त झाले आहे की जोडणी वाकडी आहे, ते शोधावे. ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी पडत राहिले पाहिजे. ते थांबावे म्हणून ग्लँड आवळू नये.

पुढच्या जूनमध्ये पंप बंद कराल, तेव्हा कपलिंगवर रंगाची एक खूण करावी. पावसाळाभर दर आठवड्याला, फ्यूज काढून, शाफ्ट चार-पाच फेरे फिरवावा आणि थांबवताना ती खूण गेल्या आठवड्याच्या जागेपासून पाव फेरा पुढे ठेवावी.