बँडचा व्हिडिओ शूट करताय? मग हे बघून घ्या
पुण्यात बँड भरपूर झालेत पण व्हिडिओत ओठ एकीकडे नि गाणं दुसरीकडे असं फार दिसतं राव. शूटला आधी रेकॉर्ड केलेलं गाणं स्पीकरवर लावतात आणि बँड त्यावर वाजवतो-गातो, म्हणून फायनल मिक्सच (गाण्याचं शेवटचं, पक्कं रेकॉर्डिंग) न्या, रफ नको, आणि गाण्याआधी चार टिक टिक टाकून घ्या म्हणजे सगळे एकदम सुरू होतात. स्पीकर मोठाच हवा, मोबाईलवर भागत नाही, कारण ड्रमर काही हळू वाजवणार नाही (सांगून बघा, उपयोग नाही), मग स्नेअरवर (ड्रम सेटमधला कडक वाजणारा ड्रम) टॉवेल टाका. गायकाने नुसते ओठ हलवायचे नाहीत, खरंच गायचं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर खोटेपणा लगेच कळतो. कॅमेऱ्याचा माइक चालू ठेवा, एडिटला गाणं जुळवायला तोच आवाज कामी येतो. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, म्हणून कॅमेऱ्यात सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंद ठेवा, नाहीतर कोथरूडच्या प्रॅक्टिस रूममधली ट्यूबलाइट फडफडताना दिसेल. स्लो मोशन हवंय आणि ओठही जुळायला हवेत? गाणं दुप्पट स्पीडला लावून 50 फ्रेमला शूट करा, मग 25 वर चालवा, बरोब्बर बसतं, फक्त गायकाची जाम दमछाक होते. आणि इलेक्ट्रिक गिटारला केबल लावा हो, लोक बघतात.