डहाणू-तलासरीत नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकांसाठी

इथे रुजू होताना शाळेच्या वेळापत्रकाआधी बोटींचं वेळापत्रक समजून घ्या. आपल्या भागातले अनेक आदिवासी बांधव गुजरातेत ओखा, पोरबंदर, वेरावळला मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. गुजरातेत ती काही वर्षी ऑगस्टच्या मध्यापर्यंत लांबते. वर्षात बाप सलग घरी सापडतो तो एवढ्याच दिवसांत, आणि शाळाही तेव्हाच उघडते. म्हणून पालकसभा जूनच्या शेवटी घ्या. दिवाळीनंतर बोलावलीत तर फक्त आया येतील, आणि पोरगा बोटीवर जाणार की नाही हे तोवर ठरून गेलेलं असेल.

ते ठरतं उचलीवर, म्हणजे बोटीच्या कामासाठी आगाऊ घेतलेल्या पैशावर. उचल घरात आली, लावणीला नाहीतर छपराला लागली, की कितीही समजावलं तरी बाप काय करणार? मी म्हणून त्याआधी घरी जातो आणि आठवी झालेल्या पोरांच्या घरी सगळ्यात आधी. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयापुरताच. नववीला गावात वर्ग नसेल तर जवळच्या आश्रमशाळेत जागा आहे का, हे बापाशी बोलण्याआधीच विचारून ठेवा. नुसतं ‘शिकव’ म्हणून कोणी ऐकत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

पाकिस्तानने पकडलेल्या गुजरातच्या बोटींवर इथले खलाशीही असतात. ते कराचीच्या मलीर तुरुंगात वर्षानुवर्षं अडकतात आणि घरातल्या थोरल्या मुलावर सगळा भार येतो. त्या मुलाला हजेरीवरून कधीही बोलू नका. आईचे अर्ज लिहायला मदत करा. मला तर हेही शाळेचंच काम वाटतं.

सहावीला अक्षांश-रेखांश शिकवताना जीपीएस आणि सागरी सीमा घ्या. बापाकडून ऐकलेलं असतं, त्यामुळे एरवी गप्प बसणारी पोरंही बोलायला लागतात.

दहावीत विषय राहिलेला मुलगा बोटीवर गेलाच तर त्याचं नाव सोडून देऊ नका. पुरवणी परीक्षा अलीकडे जून-जुलैत, म्हणजे बंदीतच येते. पण अर्ज भरायची मुदत त्याआधी संपते, तेव्हा तो समुद्रावर असतो. निघण्यापूर्वीच त्याचा घरचा फोन नंबर घेऊन ठेवा आणि अर्ज तुम्ही भरून घ्या.