हॅश इंडेक्स कळायचा असेल तर आधी सात रकाने आखा

हॅश इंडेक्स म्हणजे डेटाबेसमधलं रेकॉर्ड कुठे आहे ते झटकन सांगणारी सूची. टीममध्ये नवीन कोणी आलं की मी त्याला आधी संगणकासमोरून उठवतो आणि कागदावर सात रकाने आखायला लावतो. नंबर ० ते ६. मग हातात पतसंस्थेच्या खात्यांचे नंबर देतो.

पहिलं खातं ४५१२. सातने भागा, बाकी ४. मग ४ नंबरच्या रकान्यात लिहा: ‘४५१२, पान ८१’. पान म्हणजे डिस्कवर ते रेकॉर्ड जिथे पडलंय ती जागा. २९६३ ची बाकी २. पुढचं ३८०५, बाकी पुन्हा ४! इथे बहुतेक जण पेन थांबवून माझ्याकडे बघतात. रकाना भरलाय म्हणून अडायचं नाही, त्याच्याच खाली लिहायचं. अशी टक्कर होतेच.

आता ३८०५ शोधा. यादी वरून खाली वाचायची नाही. भागाकार करा, बाकी ४, थेट त्या रकान्यात. तिथे दोन नोंदी आहेत, म्हणून नंबर ताडून बघा आणि मगच पान उघडा. ताडायला विसरलात तर एकाची शिल्लक दुसऱ्याला दाखवाल. खाती वाढली तर रकानेही वाढवा, म्हणजे एकेका रकान्यात गर्दी होत नाही.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये रकान्याला बकेट म्हणतात, आणि सातच्या भागाकाराऐवजी आकडे चांगले घुसळणारं हॅश फंक्शन असतं. इंडेक्समध्ये मूळ मजकूर नसतोच, फक्त हॅश, म्हणजे त्या फंक्शनमधून निघालेला ४ बाइटचा आकडा असतो. म्हणून ताडायचं काम टेबलातल्या ओळीशी होतं. बकेट भरली की तिला ओव्हरफ्लो पान जोडलं जातं. इंडेक्स बनवताना ‘युझिंग हॅश’ एवढंच जास्तीचं लिहायचं. आवृत्ती मात्र १० किंवा पुढची हवी; त्याआधी सर्व्हर अचानक बंद पडला की हा इंडेक्स पुन्हा बांधत बसावं लागायचं.

एकदा उत्साहाच्या भरात मी व्यवहाराच्या तारखेवर हॅश लावला. मार्चअखेरीला ‘१ ते ३१ मार्च’ असा रिपोर्ट मागितला आणि पडदा नुसता फिरत राहिला. १ मार्च एका बकेटमध्ये, २ मार्च भलत्याच. क्रमच उरलेला नाही, मग अख्खं टेबल चाळणं आलं. तारखेला बी-ट्री, म्हणजे नोंदी क्रमाने लावून ठेवणारा इंडेक्सच हवा.

खरं तर खाते नंबरलाही मी बी-ट्रीच ठेवतो, कारण हॅश इंडेक्स युनिक करता येत नाही, म्हणजे एकच नंबर दोनदा येऊ नये अशी अट त्यावर घालता येत नाही. हॅश लावतो तो लांबलचक लिंका किंवा टोकन साठवलेल्या कॉलमला, जिथे प्रश्न एकच असतो: हे आहे का?