सदाशिव पेठेच्या पिनकोडचे अवयव पाडताना या चुका टाळा

सरावाला मोठी संख्या हवी असेल तर पत्त्याची शेवटची ओळ पुरते. सदाशिव पेठेचा पिनकोड ४११०३० घ्या, म्हणजे चार लाख अकरा हजार तीस. संख्या विपुल की न्यून (अर्थ पुढे येतो) हे वर्गीकरण चुकते ते बहुतेक वेळा पहिल्याच पायरीला, अवयव पाडताना.

शेवटी शून्य आहे, म्हणून २ आणि ५ काढले, उरले ४१,१०३. अंकांची बेरीज ९, म्हणून ३ ने भागले, उरले १३,७०१. इथे ‘३ झाला’ म्हणून थेट ७ कडे वळणे ही नेहमीची चूक. १३,७०१ ची अंकबेरीज १२ आहे, म्हणजे ३ ने अजून एकदा भाग जातो. उरतात ४,५६७.

ही मूळ संख्या आहे का? ७, ११, १३ ने भाग गेला नाही एवढ्यावर शिक्का मारू नका. वर्गमूळ ६७.५ च्या आसपास आहे, तेव्हा ६७ पर्यंतची प्रत्येक मूळ संख्या लावून पाहायची, पुढे जायची गरज नाही. ४,५६७ या चाचणीत टिकते. तिच्याजवळची ४,५५९ मात्र ४३ पर्यंत दाद देत नाही आणि ४७ ला फुटते: ४७ × ९७.

तर ४,११,०३० = २ × ३² × ५ × ४,५६७.

प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणले की विभाजकांची संख्या मिळते: २ × ३ × २ × २ = २४. तो १ मिळवायचा विसरलात, किंवा १३,७०१ लाच मूळ समजलात, तर उत्तर बिघडते (दुसऱ्या चुकीत १६ येतात). विभाजकांची बेरीज ३ × १३ × ६ × ४,५६८ = १०,६८,९१२. यातला ३ म्हणजे १ + २, १३ म्हणजे १ + ३ + ९; तिथे ४ × ४ घालू नका. या बेरजेत संख्या स्वतःही धरलेली असते. ती वजा केली की ६,५७,८८२ उरतात, ४,११,०३० पेक्षा जास्त, म्हणून ती संख्या विपुल. डेक्कन जिमखान्याचा ४११००४ = २² × ११ × ९,३४१; तिथे हीच बेरीज ३,७३,७२४, संख्येपेक्षा कमी, म्हणून तो न्यून. (पेठेतल्यांनी यातून भलता अर्थ काढू नये.)

हे आकडे संगणकावर पडताळतानाही जपा. एक्सेल १५ अंकांपुढचे आकडे शून्य दाखवते. ४११००४ चा घन १७ अंकी आहे. त्याचे खरे शेवटचे दोन अंक ६४, पडद्यावर ००. पायथॉन या संगणकभाषेत पूर्णांक कितीही मोठा चालतो, पण भागाकाराला एक तिरपी रेघ दिली की उत्तर दशांशात जाते आणि मोठ्या संख्येत शेवटचे अंक बिघडू शकतात. दोन रेघा द्या.

हर्षद संख्या तपासताना ‘९ ने भाग जातो का’ हा प्रश्नच चुकीचा. संख्येला तिच्याच अंकबेरजेने भाग जायला हवा. ४११०३० ची बेरीज ९, भागाकार ४५,६७०, म्हणजे हर्षद. हे नाव देणारे गणितज्ञ द. रा. कापरेकर शिकले फर्ग्युसनमध्ये. त्या कॉलेजच्या आजच्या पिनकोडची, ४११००४ ची, अंकबेरीज १०. शेवटी शून्य नाही, त्यामुळे तो हर्षद नाही.